नव्ह शापेल: लढाईच्या आधीचं आणि नंतरचं शेतीचं गाव

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्यांचे पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे पूल-खंदकांची कामं करणाऱ्या सैनिकांत होते आणि पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1914 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नव्ह शापेल या गावी पडले, असं घरात सांगितलं जातं. आता घरचे चौघे तिकडे जाणार आहेत. ते लिहितात, "नकाशावर पाहिलं तर नुसती सपाट शेतं. ना डोंगर, ना मोठी नदी, ना किल्ला. एवढ्याशा गावासाठी एवढी माणसं का मेली? आणि त्या गावाला लढाईखेरीज काही इतिहास आहे की नाही?"

उत्तर फ्रान्समधल्या गावांचे जुने नकाशे आणि जमिनीची कागदपत्रं वाचणं हे माझं काम. त्यामुळे मी पलटणींच्या हालचालींपेक्षा जमिनीकडून उत्तर देते. प्रश्न दोन दिसत असले तरी माझ्या मते मुळात एकच आहे: ही जमीन कशी आहे? ते कळलं की गाव असं पसरलेलं का, लढाई तिथेच का झाली, आणि सगळं भुईसपाट होऊनही गाव पुन्हा का वसलं, हे तिन्ही उलगडत जातं.

आधी ठिकाण. नव्ह शापेल पा-द-कॅले जिल्ह्यात येतं. लिल शहराच्या पश्चिम-नैर्ऋत्येला साधारण वीस किलोमीटर, ला बासे या छोट्या शहराच्या उत्तरेला पाचेक किलोमीटर. वस्ती हजार-दीड हजारांच्या घरात. उत्तरेकडे लीस नदी वाहते आणि हे गाव तिच्याच रुंद, सखल मैदानाच्या दक्षिण काठावर आहे. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम वीस मीटर. पूर्वेला दीड-दोन किलोमीटरवर जमीन हळूच चढते आणि ओबेर गावाच्या रांगेत चाळीस मीटरच्या आसपास पोहोचते. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो चढ दिसणारही नाही. गाडीतून गेलात तर गिअरसुद्धा बदलावा लागत नाही. पण या वीस मीटरच्या फरकाने तिथलं बरंच काही ठरवलं आहे.

मुख्य गोष्ट माती आणि पाणी. वर गाळाची, नांगराला मऊ जाणारी सुपीक माती आणि खाली चिकणमातीचा जाड थर. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकाच. मग पुण्यात उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि इथे चिखल का? कारण पुण्यात तो पाऊस चार महिन्यांत पडून जातो. इथे तो बारा महिने थोडाथोडा येतो. ऑक्टोबरनंतर ऊन इतकं मंद असतं की पाणी उडून जात नाही, आणि खालची चिकणमाती ते मुरू देत नाही. हिवाळ्यात हात-दीड हात खणलं की खड्ड्यात पाणी साचतं. म्हणूनच प्रत्येक शेताच्या कडेने चर आहे, चर ओहोळाला मिळतो आणि ओहोळ शेवटी लीसला. गावाच्या पूर्वेकडून वाहणारा लेय हा असाच एक ओहोळ. हे चर कोणा एका राजाने किंवा सरकारने खणलेले नाहीत. शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ते खणले आणि दर वर्षी साफ केले. चर तुंबला की गव्हाचं मूळ सडतं, एवढा साधा हिशेब. जुना नकाशा उघडला की मी रस्त्यांच्या आधी चर पाहते, कारण रस्ते आणि बांध त्यांनाच धरून गेलेले असतात.

वस्तीही या पाण्यानेच पसरवली. फ्रेंच गाव म्हटलं की चर्चभोवती दाटीने बसलेली घरं डोळ्यांसमोर येतात. इथे चर्चजवळ थोडी घरं आहेत, बाकीची रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी किलोमीटर किलोमीटर ओळीने गेलेली. रस्त्याची जागा जरा कोरडी, म्हणून घर तिथे आणि शेत मागे. पाण्यासाठी सगळ्यांनी एका झऱ्यापाशी गोळा होण्याची गरज नव्हती, कारण पाणी हवं तिथे लागत होतं. युद्धाच्या वर्णनांत 'र्‍यू द्यु बोआ' हे नाव वारंवार भेटेल. नावात 'र्‍यू' (म्हणजे रस्ता) असली तरी ती शहरातली गल्ली नाही. ती शेतघरांची अशीच एक लांब रांग. घरं विटांची, कारण वीट भाजायची माती पायाखालीच. मोठ्या शेतकऱ्याचं घर चौकोनी असे: मधे अंगण, एका बाजूला राहती घरं, बाकी बाजूंना गोठा आणि धान्याचं कोठार. घरामागे सफरचंदाची बाग. द्राक्ष आणि वाइन यांच्याशी या मुलुखाचा संबंध नाही. इथे बार्ली आणि हॉप्स, म्हणजे बिअर. शेतात गहू, बटाटा, साखरेचं बीट, जवस. नेपोलियनच्या काळात इंग्लंडशी व्यापार तुटून वेस्ट इंडीजची साखर यायची थांबली, तेव्हा 1811 मध्ये त्याने बीट लावायला सरकारी जोर दिला. लिलच्या आसपासचा पट्टा तेव्हापासून बीटाचा झाला. जवसाच्या धाग्यावर लीसकाठच्या गावांतली तागे विणणारी घरं जगली.

आता इतिहास. लढाईच्या आधीचा इतिहास मोठा आहे, पण गाजावाजा न करता झालेला. हा आर्त्वा प्रांत. मध्ययुगात आरास शहरातल्या सँ-व्हास्त मठाच्या जमिनी या मैदानात दूरवर पसरल्या होत्या. शेजारच्या रिशबूरचा एक भाग 1971 पर्यंत रिशबूर-सँ-व्हास्त हे वेगळं गाव होता, त्या नावात तो मठ होता. पुढे हा प्रांत हाब्सबर्गांकडे, म्हणजे स्पेनच्या राजाच्या ताब्यात गेला. 1659 च्या पिरेनीज तहाने आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सला मिळाला. म्हणजे शिवाजी महाराजांनी अफजलखानाचा वध केला त्या वर्षापर्यंत या गावचा शेतकरी स्पेनची प्रजा होता, आणि फ्रेंच त्यानंतर झाला. बोली मात्र दोन्ही राजवटींत पिकार्डच राहिली.

माझ्या कामाच्या दृष्टीने खरा मोठा बदल फ्रेंच राज्यक्रांतीने केला. नोव्हेंबर 1789 मध्ये चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या मालकीच्या ठरल्या आणि पुढे लिलावात विकल्या गेल्या. त्याच डिसेंबरच्या कायद्याने गावोगावी निवडलेली नगरपालिका आली, गाव कितीही लहान असो. 1804 च्या नागरी संहितेने वडिलांची मिळकत सगळ्या मुलामुलींत समान वाटायची असं ठरवलं. आणि 1807 च्या कायद्याने देशभर जमिनीची तुकड्या-तुकड्याने मोजणी सुरू झाली. ते नकाशे आणि सोबतची मालकीची नोंदवही म्हणजे आपल्याकडचा गावनकाशा आणि सातबारा म्हणा. या मैदानातले ते नकाशे पाहिले की समान वाटणीचा परिणाम डोळ्यांनी दिसतो: लांब, अरुंद पट्ट्या, प्रत्येकीला एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला चर. वाटणी करताना कोणीही आडवा तुकडा घेत नसे, कारण मग पाण्याचा निचरा दुसऱ्याच्या मर्जीवर राहिला असता.

अशा जमिनीवर 1914 मध्ये लढाई येऊन थांबली. इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते.

गाव स्वतः कोणाला नको होतं. हवी होती ती ओबेरची रांग. पूर्ण सपाट मैदानात वीस मीटर उंचीवर बसलेल्याला खालची प्रत्येक हालचाल दिसते, तोफांचा मारा नेमका करता येतो, आणि शिवाय त्याचे पाय कोरडे राहतात. रांगेमागे लिल, जर्मनांच्या ताब्यातलं मोठं औद्योगिक शहर आणि रेल्वेचं जाळं. रांगेकडे जायचं तर वाटेत नव्ह शापेल. एस्तेर ते ला बासे हा हमरस्ता गावाच्या पश्चिमेकडून जातो, आणि चिखलाच्या मुलुखात तोफा, दारूगोळा, रुग्णवाहिका फक्त रस्त्यानेच जाऊ शकतात. म्हणून ज्याच्याकडे या रस्त्यावरचा चौक त्याच्याकडे पुढची हालचाल.

ऑक्टोबर 1914 च्या शेवटी जर्मनांनी गाव घेतलं. 28 ऑक्टोबरला ते परत मिळवण्यासाठी 47 वी शीख पलटण आणि तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या पुढे गेल्या. तिसरे सॅपर्स म्हणजेच खडकीचे बॉम्बे सॅपर्स. तुमच्या घरातली आठवण या तारखेशी जुळते. हे लोक पूल बांधणारे, खंदक खणणारे, सुरुंग लावणारे कुशल कामगार-सैनिक होते. माणसं कमी पडली म्हणून त्यांना त्या दिवशी पायदळासारखं हल्ल्याला पाठवलं. उघडं, सपाट शेत ओलांडून ते गावात शिरले आणि घराघरात लढले. मागून कुमक आली नाही, आणि बाजूच्या रस्त्यांवरून जर्मनांचे प्रतिहल्ले आले तेव्हा त्यांना मागे यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, जवानांची हानीही भयंकर. रस्त्याकडेने ओळीत बांधलेल्या विटांच्या घरांचं गाव लढायला किती अवघड, ते आधीच्या परिच्छेदांतल्या वस्तीच्या वर्णनावरून लक्षात येईल. प्रत्येक घर वेगळं जिंकावं लागतं, आणि लांब सरळ रस्त्याच्या टोकाला ठेवलेली एक मशीनगन तो अख्खा रस्ता बंद करते. उत्तम प्रशिक्षित सॅपर्सना असं वापरणं ही मला आजही न पटणारी गोष्ट आहे. महिन्याभरातच सगळी आघाडी खंदक खणायला त्यांच्याच शोधात होती.

आणि खंदक तरी कसले! इथे खोल खणता येत नाही हे वर सांगितलंच. म्हणून दोन्ही बाजूंनी जमिनीच्या वर मातीच्या पोत्यांच्या भिंती रचल्या आणि त्यांच्या आडोशाला राहिले. शेतकरी नाहीत, त्यामुळे चर साफ होईनात. तोफांनी ते फोडले आणि साऱ्या शिवारात पाणी पसरलं. 1914-15 च्या हिवाळ्यात भारतीय सैनिकांच्या पायांचे जे हाल झाले त्याचं थंडी हे अर्धंच कारण आहे. दुसरं कारण तुटलेले चर.

10 मार्च 1915 ला मोठा हल्ला झाला. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, पस्तीस मिनिटांनी पायदळ निघालं. भारतीय कोअरच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने इथे लढणाऱ्या भारतीय सैन्याच्या, मीरत डिव्हिजनमधली गढवाल ब्रिगेड दक्षिणेकडून, ब्रिटिश पलटणी उत्तरेकडून, आणि सकाळच्या पहिल्या काही तासांतच गाव हाती आलं. याच हल्ल्यासाठी विमानातून फोटो काढून शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार केले होते. नकाशाशास्त्राच्या इतिहासात ही महत्त्वाची पायरी आहे. गढवाल रायफल्सचे रायफलमॅन गब्बरसिंग नेगी यांना इथल्या शौर्यासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण गावाच्या पलीकडे गाडं अडलं. पुढे लेय ओहोळ, त्यावरचा पूल आणि बिएचं रान, तिथे जर्मन मशीनगन. निरोप पोहोचायला तास लागत होते, दारूगोळा संपत आला होता. 13 तारखेपर्यंत सगळं थांबलं. ब्रिटिश आणि भारतीय मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी किंवा बेपत्ता झाली. त्यात चार हजारांहून अधिक भारतीय कोअरची. ओबेरची रांग मिळाली नाही. पुढची तीन वर्षं आघाडी जवळजवळ तिथेच, गाव आणि त्या ओहोळाच्या दरम्यान राहिली. 9 एप्रिल 1918 ला जर्मनांनी याच भागात पोर्तुगीज डिव्हिजनवर हल्ला केला आणि उरलंसुरलंही गेलं.

इथवरचं थोडक्यात: चिकणमातीमुळे पाणी, पाण्यामुळे चर आणि रस्त्याकडेची वस्ती, आणि या सगळ्यामुळे मैदानात अडकलेलं सैन्य व वीस मीटर उंचीची किंमत. आता गावाचं पुढे काय झालं ते.

1918 च्या शेवटी तिथे गाव नव्हतं. विटांचे ढिगारे, तारा, न फुटलेले गोळे, आणि शेतांच्या हद्दी पुसलेल्या. फ्रेंच सरकारने उद्ध्वस्त मुलुखाचे नुकसानीप्रमाणे पट्टे पाडले. सर्वांत वाईट तो 'लाल पट्टा', जो पुन्हा शेतीत आणायचाच नाही असा विचार होता. पूर्व फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळची काही गावं अशी कायमची गेली, तिथे आज जंगल आहे. मग नव्ह शापेल का परत आलं? माझं उत्तर पुन्हा मातीचंच. व्हर्दूनच्या त्या भागापेक्षा इथली जमीन खोल आणि कसदार, लिल आणि बेथ्यूनचा कोळशाचा पट्टा हाकेच्या अंतरावर, म्हणजे धान्य-बटाट्याला गिऱ्हाईक तयार. शेतकरी सरकारची परवानगी यायच्या आधीच परतू लागले, लाकडी बराकींत राहिले, आणि आपलं शेत लाल पट्ट्यातून काढा म्हणून मागे लागले. उत्तरेत तो पट्टा बघता बघता आकसला. एप्रिल 1919 च्या कायद्याने युद्धातल्या नुकसानीची पूर्ण भरपाई हा नागरिकाचा हक्क मानला. त्याच वर्षी मार्चमध्ये हद्दी नव्याने आखण्याचा आणि तुकडे एकत्र करण्याचा कायदा झाला होता. खड्डे बुजवले, चर पुन्हा खणले, घरं पुन्हा विटांचीच बांधली. म्हणून तुम्हाला तिथे शंभर वर्षांपेक्षा जुनी इमारत शोधूनही मिळणं कठीण. सर्वांत जुनं जे उरलंय ते जमिनीच्या आखणीत, रस्त्यांच्या रेषांत आणि चरांत. त्यालाच मी गावाची खरी वारसावास्तू मानते.

गावाने स्वतःचं एक जुनं शिल्प दिलंही आहे. लढाईत रस्त्याकडेचा येशूचा क्रूस पाय आणि एक हात तुटूनही उभा राहिला होता. पोर्तुगीज सैनिकांची त्याच्यावर श्रद्धा बसली होती. 1958 मध्ये तो पोर्तुगालला देण्यात आला, आणि आता तो तिथल्या बतालिया मठात अज्ञात सैनिकांच्या थडग्याशी आहे.

नंतरची कहाणी फ्रान्समधल्या बऱ्याच गावांसारखी: दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर, शेतांचं एकत्रीकरण, शेतकरी कुटुंबं कमी आणि शेतं मोठी. आज फ्रान्समधला निम्म्याहून जास्त बटाटा या उत्तरेच्या प्रदेशात होतो. नव्ह शापेलमधले बहुतेक लोक मात्र सकाळी गाडी काढून लिल किंवा बेथ्यूनकडे कामाला जातात.

आता तुमच्या प्रवासाबद्दल, आणि इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे.

पणजोबांचं नाव गावाजवळच्या भारतीय सैनिकांच्या स्मारकावर असेलच असं गृहीत धरू नका. त्यावर 4,700 हून अधिक नावं आहेत, पण ती ज्यांची ज्ञात कबर नाही अशांची. ज्यांचं दफन नोंदलं गेलं किंवा जे जखमी होऊन इस्पितळात वारले, त्यांची नोंद दुसरीकडे असू शकते. निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. मराठी नावांची इंग्रजी अक्षरं तेव्हाच्या कारकुनाने कानाला आली तशी लिहिली आहेत, म्हणून आडनावापेक्षा पलटण आणि मृत्यूची तारीख यांवरून शोधणं बरं. गावाचं नाव आणि वडिलांचं नाव काही नोंदींत असतं, त्यावरून खात्री करता येते.

स्मारक गावठाणात नाही. ते गावाच्या नैर्ऋत्येला आठशे मीटरवर, ला बासे-एस्तेर हमरस्त्यावरच्या चौकात आहे. ब्रिटिश सैनिक त्या चौकाला पोर्ट आर्थर म्हणत. हर्बर्ट बेकर यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेलं हे स्मारक 7 ऑक्टोबर 1927 ला खुलं झालं. गोल आवार, पंधरा मीटरचा स्तंभ, वर कमळ, दोन्ही बाजूंना वाघ. मागच्या बाजूच्या भिंतीवर पलटणीनिहाय नावं कोरलेली आहेत. तिथे 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' हा मथळा शोधा. जवळच पोर्तुगीज सैनिकांचं कब्रस्तानही आहे, तिथेही जाऊन या.

स्मारक पाहून परत फिरू नका. तिथून पायी गावात जा, गाव ओलांडून पूर्वेकडे लेय ओहोळापर्यंत चालत जा आणि तिथून ओबेरकडे बघा. हे अंतर सगळ्यांना झेपण्यासारखं आहे. मार्च किंवा नोव्हेंबरमध्ये गेलात तर पिकं नसल्याने जमिनीचा चढ-उतार आणि चरांतलं पाणी दिसतं, पण चिखल आणि बोचरा वारा सोसावा लागतो. जून-जुलैत हवा छान, पण मका आणि गहू उंच झाल्याने लांबचं दिसत नाही. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर मी मेचा दुसरा पंधरवडा सुचवेन. लिलहून बेथ्यूनकडे जाणाऱ्या लोकल गाडीने ला बासे-व्हिओलेन स्टेशनवर उतरून टॅक्सी करता येते. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, स्टेशनबाहेर उभी नसते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नांगरलेल्या शेतात, बांधाला किंवा रस्त्याच्या कडेला गंजलेला लोखंडी गोळा दिसला तर हात लावू नका आणि आठवण म्हणून उचलू नका. शेतकऱ्यांना नांगरताना अजूनही गोळे सापडतात. ते कडेला ठेवतात आणि सरकारी पथक येऊन घेऊन जातं. शंभर वर्षं झाली तरी त्यातले काही फुटू शकतात. उभ्या पिकातही शिरू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

निघण्याआधी घरी बसून एक तयारी जरूर करा. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या संकेतस्थळावर जुने आणि नवे हवाई फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. तिथे गावाचं नाव टाका आणि 1950 च्या सुमाराचा फोटो आजच्या फोटोशेजारी ठेवा. मध्ये किती बांध गेले आणि कोणते चर उरले ते घरच्या मुलांनाही लगेच दिसेल. पा-द-कॅले जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले मोजणीचे नकाशे आहेत, तेही पाहा. गावातल्या घराण्यांचा शोध घ्यायचा असेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदी तिथेच सापडतात. फ्रान्समध्ये त्या दोन प्रतींत ठेवायची पद्धत जुनी आहे, म्हणून एक प्रत गावाबरोबर जळली तरी दुसरी कित्येकदा वाचली.

शेवटी, नगरपालिकेच्या कार्यालयाला, म्हणजे 'मेरी'ला, महिनाभर आधी फ्रेंचमध्ये चार ओळींचं पत्र किंवा ईमेल पाठवा. पणजोबांचं नाव, पलटण, तारीख आणि तुम्ही कधी येणार एवढंच लिहा. लहान गावांत हे कार्यालय आठवड्यातले काही तासच उघडं असतं, त्यामुळे न कळवता गेलात तर दार बंद मिळेल. फ्रेंच जमत नसेल तर मजकूर इथे टाका, मी लिहून देईन.